दहाच्या पानावरचं कुंकू

घटातलं धान उगवून वीतभर झालं की माझा उजवा खांदा दुखायला लागतो. हे मी डॉक्टरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, वयामुळे होतं. मी म्हणालो, वय बारा महिने असतं, खांदा फक्त नवरात्रात दुखतो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांचा दोष नाही. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात, पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारी जीप उभी आहे आणि दर दसऱ्यानंतर तिचं हँडल मला फिरवावं लागतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? माझ्या खांद्याला मात्र पक्कं ठाऊक आहे. तो आधीच कण्हायला लागतो, म्हणजे आयत्या वेळी कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.

यंदाही तेच दिवस आहेत, दसरा नुकताच होऊन गेलाय. दुपारी भाद्रपदापेक्षा कडक ऊन, पहाटे गोधडी ओढावी असा गारवा. उसाला तुरे आलेत. सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिकाम्या ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर दिसायला लागलेत, गाणी मोठ्यानं लावून, हंगामाची रंगीत तालीम केल्यासारखे. हवेत अजून मळीचा वास नाही, पण तो येणार आहे हे नाकाला कळतं. आणि मी खिडकीत उभा राहून हिशेब करतो, की अजून किती रविवार उरले. बावन्नाव्या वर्षी माणूस रविवार मोजतो तो सुट्टीसाठी नाही. कुठल्या रविवारी कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाच्या घरी भेटायला जायचंय, कधी गावाकडं जायचंय, यासाठी. झोपेसाठी एखादा उरला तर देव पावला.

ही जीप आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आण्णा फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. हवालदार होऊन निवृत्त झाले तेव्हा एक पत्र्याची पेटी, एक जाडजूड कांबळं आणि एक फिलर गेज एवढं घेऊन घरी आले. नंतर कुठल्याशा सरकारी लिलावात ही जीप त्यांनी उचलली. आली तेव्हा ती बैलगाडीला बांधून आली होती. गावानं तिला हसून घेतलं. महिन्याभरात ती स्वतःच्या पायानं चालत देवळापर्यंत गेली आणि गावाचं हसणं बंद झालं.

फिलर गेज म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. घडीच्या चाकूसारखी दिसणारी वस्तू. उघडली की आतून पोलादाची वीसेक पातळ पानं पंख्यासारखी पसरतात. प्रत्येक पानाची जाडी वेगळी आणि त्यावर तिचा आकडा कोरलेला. इंजिनाच्या डोक्यावर झडपा असतात आणि त्यांना दाबणारे छोटे दांडे असतात. गाडी चालू झाली की ते टकटक नाचतात. दांडा आणि झडप यांच्यामध्ये एक बारीक फट ठेवावी लागते, कारण तापलं की लोखंड फुगतं आणि फुगायला त्याला जागा हवी. आमच्या जीपला ही फट दहा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. फटीत दहाचं पान सरकवायचं आणि स्क्रू पिळत पिळत फट जमवायची. याला म्हणायचं टॅपेट सेट करणं. इंजिन गार लागतं, म्हणून हे काम चहाच्याही आधी, पहाटे.

पान फटीतून कसं यायला हवं, याचं वर्णन आण्णा करायचे ते कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. म्हणायचे, "नवी सून उंबरा वलांडती तसं आलं पायजे. यायचं तर हाय, पर जरा अडखळत." सैल आलं तर फट जास्त, अडकलं तर कमी. दुसरं एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. टॅपेट थोडं बोलावं. अजिबात गप्प झालं की समजायचं, आत झडप जळतीय. दरसाल दसऱ्यानंतर ते हे काम एकट्यानं करायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यानंतर वर्षभर जीप एका लयीत बोलायची. ती कॅनॉलच्या पुलावर आली की आई चुलीवर तवा टाकायची. दारात येईतो पहिली भाकरी फुगलेली असायची.

आणि मग एका श्रावणात आण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. म्हणजे जागेवर होती, पण त्यांना काही कळेना. हलका झटका, म्हणाले डॉक्टर. अंगठा आणि तर्जनी. फटीतून सरकणारं पान ज्या दोन बोटांना कळतं, नेमकी तीच. आण्णा कप धरायचे, काठी धरायचे, पण म्हणायचे, "च्या गरम हाय का गार, ते डाव्या हाताला इचारावं लागतंय." बोलताना हसायचे. आम्हीही हसायचो. काय करणार दुसरं?

त्या वर्षीची खंडेनवमी मला लख्ख आठवते. आमच्याकडं त्या दिवशी अवजारांची पूजा असते. विळे, खुरपी, कुदळ, पाने, हँडल, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं. आणि जीपला झेंडूची माळ. आई माण तालुक्यातली, कोरड्या मुलखातली. तिकडं करडई पिकते, म्हणून तिचं कुंकू करडईच्या तेलात कालवलेलं असतं. पाण्यातलं वाळून झडतं, तेलातलं टिकतं, असं तिचं म्हणणं. गेजपाशी आल्यावर तिनं तो उघडायला लावला आणि दरवर्षीचा प्रश्न विचारला, "आवं, ह्यातलं कामाचं पान कंचं?" आण्णांनी बाजेवरून सांगितलं, दहाचं. आईनं त्या पानावर मधोमध ठसठशीत बोट टेकवलं. बाकीच्या एकोणीस पानांना नुसत्या अक्षता. जो राबतो त्याला मान, हा तिचा साधा नियम. त्या नियमात आम्ही घरचेही आलो, आणि मला बऱ्याचदा अक्षतांवरच भागवावं लागलेलं आहे.

आता काम माझ्यावर आलं. मी सांगलीत एका तंत्रनिकेतनाच्या ऑफिसात क्लार्क. हातात आयुष्यभर फायली. पण आमच्या गावच्या जत्रेत पंधरा वर्षं मी खलनायक रंगवलेला आहे, त्यामुळे येत नसलेलं काम येत असल्यासारखं करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आण्णा मला नाटक्या म्हणायचे, त्यात कौतुक किती नि तिरस्कार किती हे मला कधी मोजता आलं नाही. त्याला लागणारं पान गेजमध्ये नव्हतं.

पहिल्या रविवारी पहाटे मी बॉनेट उघडलं. शेडमध्ये डिझेलचा, उंदरांचा आणि झेंडूचा मिळून एक वास होता. आण्णा बाजेवर बसून दिग्दर्शन करत होते. हँडल फिरव. थांब. जरा मागं. अरं, जरा म्हणजे जरा, पांढऱ्या मिशीच्या केसाएवढं. मी फिरवत होतो, थांबत होतो, खांदा तिथंच पहिल्यांदा कामी आला. दहाचं पान काढलं. त्यावर आईचं कुंकू होतंच. पूजेचं कुंकू आपल्या हातानं पुसायचं नसतं, जाईल तेव्हा आपोआप जाऊ द्यायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी पान कपाळाला लावलं आणि फटीत सरकवलं. नवी सून अडखळत आली. सगळ्या झडपा अशाच बसवल्या, झाकण लावलं, गाडी चालू केली आणि रंगमंचावर नमस्कार करावा तसा आण्णांकडं वळलो.

आण्णांनी डोळे मिटले होते. म्हणाले, लय बोलतंय. फट जास्त हाय.

मी गेज दाखवला. दहा म्हणजे दहा. ते म्हणाले, दहा न्हवं ते. पुन्हा कर.

दुसऱ्या रविवारी पुन्हा केलं. दर शनिवारी ऑफिस सुटलं की सांगलीहून पॅसेंजर पकडायची. भिलवडी, ताकारी, कराड, मसूर, तारगाव. रविवारी काम करून संध्याकाळी तीच स्टेशनं उलट्या क्रमानं. खिडकीतून ऊस, ऊस आणि ऊस. गाडी मध्येच कुठंतरी उभी राहायची आणि मला वाटायचं, बरंच झालं, कुठंच पोचलो नाही तर कुणी काही सांगणार नाही. सुनंदा, माझी बायको, डब्यात धपाटे द्यायची आणि म्हणायची, जीपची एवढी सेवा करताय, एखादा रविवार माझंही टॅपेट बघा. मी म्हणायचो, तुझं बोलतंय तेवढं पुरेसं आहे. विनोद चांगला होता. पण दोघंही दमलेले असल्यामुळे कुणी हसलं नाही.

आण्णांना एवढी घाई का होती, हेही सांगायला हवं. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. स्वतः जाऊन सांगायचं, की मी आहे. मी आण्णांना समजावलं होतं की आता हे घरबसल्या मोबाईलवर होतं, चेहरा दाखवला की झालं. त्यांनी मोबाईलकडं असं बघितलं, जसं एखाद्या भरती झालेल्या पोराच्या वाकड्या टोपीकडं बघावं. मग म्हटलं, रिक्षा करू. तेव्हा ते जे बोलले ते मी विसरणार नाही.

"मी जित्ता हाय हे सांगायला दुसऱ्याच्या गाडीतनं जाऊ व्हय?"

गाडी त्यांना चालवता येणार नव्हती, ते त्यांनाही मान्य होतं. चालवणार मी, ते शेजारी बसणार. पण जीप त्यांची हवी आणि तिचा आवाजही तिचाच हवा. बँकेसमोरच्या लिंबाखाली त्यांचे फौजेतले जोडीदार बसलेले असतात. जीप खडखडत आली तर त्यांना काय वाटेल, याची आण्णांना आताच लाज वाटत होती. आण्णाचं आटपलं, असं कुणी तोंडानं म्हणणार नव्हतं. नुसतं ऐकून एकमेकांकडं बघितलं असतं.

तिसऱ्या रविवारी मी आलो तोच चिडलेला. शनिवारी गाडी दोन तास उशिरा, पोटात आम्लपित्त, सोमवारी ऑफिसात तपासणी. पुन्हा हँडल, पुन्हा दहाचं पान, पुन्हा सगळं बरोब्बर. आणि पुन्हा आण्णांनी डोळे मिटून मान हलवली. म्हणाले, दोन नंबर तर निस्ता ताशा वाजवतोय. सुभाषराव, मन न्हाई तुमचं कामात.

आण्णा मला सुभाषराव म्हणाले की समजायचं, तोफेत दारू भरली. पण त्या दिवशी माझ्याकडंही होती.

"आण्णा, गेज खोटं न्हाई बोलत. तुमचं कान गेल्यात."

शेडमध्ये जीप टकटकत होती. आण्णांनी डाव्या हातानं काठी घेतली, उठले आणि सांगितलं की गाडी बंद कर. मग अंगणात जाऊन, शेडकडं पाठ करून बसले. ज्या माणसानं मला आयुष्यात एकदाही शेवटचा शब्द मिळू दिला नव्हता, त्यानं तो मला देऊन टाकला. जेवताना म्हणाले, तुझ्या त्या मोबाईलवर कर काय करायचं ते. आणि वाईच्या त्या माणसाला बोलवून घे.

वाईचा माणूस म्हणजे एक हॉटेलवाला. महाबळेश्वरच्या रस्त्यावर त्याचं हॉटेल. त्याला जीप फाटकापाशी शोभेला उभी करायची होती. इंजिन काढून बॉनेटमध्ये माती भरून फुलझाडं लावणार होता, म्हणजे येणारी-जाणारी मंडळी फोटो काढतील. दोन वर्षं तो विचारत होता आणि दोन वर्षं आण्णा त्याला चहा पाजून परत पाठवत होते. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, पुढच्या रविवारी अकराला येतो.

आणि आता खरं सांगतो, इथं नाटक नाही. परतीच्या पॅसेंजरमध्ये मला इतकी गाढ झोप लागली की सांगली कधी मागं गेली ते कळलं नाही, मिरजेला जाग आली. किती महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. सगळं संपलं होतं. हँडल नाही, पहाट नाही, दर शनिवारची धावपळ नाही. त्या झोपेची मला अजून लाज वाटते आणि ती झोप अजून आठवतेही, दोन्ही एकदमच.

बुधवारी सुनंदानं धुणं भिजवताना माझा शर्ट समोर धरला. खिशाच्या आत लाल डाग. म्हणाली, कपाळावरचं कुंकू खिशात कुणाचं आलं ते सांगा, म्हणजे मला तयारीला वेळ मिळेल. मी खिशात हात घातला तर गेज. रागारागात तसाच खिशात टाकून आलो होतो. उघडला. दहाच्या पानावर आईचं बोट अजून बसलेलं होतं. त्यावरून नुसता अंगठा फिरवला आणि अंगठा अडला. कडा लागली नखाला. करडईचं तेल वाळलं की व्हार्निशसारखं घट्ट होतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या सरांनी मायक्रोमीटर लावला. पान स्वच्छ होतं तिथं दहा. कुंकू होतं तिथं चौदा. सरांनी विचारलं, हे लाल काय? मी म्हटलं, माझ्या आईची चार थाऊ श्रद्धा. ते हसले. मी त्यांच्या स्टुलावर बसलो.

म्हणजे तिन्ही रविवारी मी कुंकवासकट पान फटीत घालत होतो आणि प्रत्येक फट चौदा ठेवत होतो. म्हणजे तिन्ही रविवारी आण्णांचे कान बरोबर होते. इंचाच्या हजार भागांतले चार भाग जास्त झाले, ते सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या माणसानं डोळे मिटून ओळखले होते. आणि मी त्यांना सांगितलं होतं, की तुमचे कान गेले.

कुणालाही वाटेल, मी तेव्हाच फोन लावला असेल. नाही लावला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी मनातल्या मनात दोन्ही बाजूंची वकिली केली, आणि दोन्ही वकील माझेच असल्यामुळे खटला लांबत गेला. सांगितलं तर जीप राहणार. जीप राहिली की पुढचा दसरा राहणार, त्याच्या पुढचाही, आणि पॅसेंजर, आणि हँडल. नाही सांगितलं तर सगळं आपोआप मिटत होतं. आण्णांनी स्वतःच तर सांगितलं होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. फक्त एक म्हातारा, बोटं गेली तशी कानही गेले असं समजून, उरलेली वर्षं आपल्याच कानांवर विश्वास न ठेवता काढणार होता. एवढंच. ह्या 'एवढंच'वर मी शुक्रवारची झोप घालवली. मिरजेपर्यंत लागलेली झोप अशी व्याजासकट परत गेली.

शनिवारी गावी पोचलो. आण्णा बोलत होते, पण हवापाण्याचं. आई म्हणाली, आठवडाभर ह्यांनी रेडिओसुदा लावला न्हाई.

रविवारी पहाटे मी एकटाच शेडमध्ये गेलो. फडकं डिझेलमध्ये बुडवलं आणि आईचं कुंकू पुसलं. चार वेळा पुसलं तेव्हा पान चकाकलं. हँडल फिरवलं, थांबलो, जरा मागं आणलं. पांढऱ्या मिशीएवढं. आता नवी सून खऱ्या उंबऱ्यावरून येत होती, आणि आधीचं अडखळणं किती खोटं होतं ते माझ्याही बोटांना कळलं. आण्णा अंगणात बाजेवर, शेडकडं पाठ करून, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी झाकण लावलं आणि गाडी चालू केली.

जीप बोलायला लागली. ताशा नाही, एकसारखं, हलकं, घरात कुणीतरी सुपारी कातरत बसल्यासारखं. मी आण्णांच्या पाठीकडं बघत होतो. शेंग फोडणारा डावा हात थांबला होता. मग पाठ न वळवता त्यांनी विचारलं, "कितीवर हाय?"

"दहा. मागं चौदावर व्हती आण्णा. तिन्ही येळंला. कान माझं गेलं व्हतं."

ते वळले. चालत माझ्यापर्यंत आले आणि हात पुढं केला. मी गेज दिला. त्यांनी दहाचं पान उघडून बघितलं, लख्ख पुसलेलं. एका क्षणात त्यांना सगळं समजलं. कसं, तर ते स्वतः तीस वर्षं दसऱ्यादिवशी सोनं वाटून झालं की शेडमध्ये येऊन गुपचूप ते कुंकू पुसायचे. देवाचं पुसू नये म्हणतात, म्हणून कुणाला सांगायचे नाहीत. मलाही सांगायचं राहून गेलं होतं, कारण इतक्या वर्षांत ते कामाचा भाग झालं होतं. श्वास कसा घ्यायचा हे कोण कुणाला सांगतं? पण तेवढ्यात आई चहा घेऊन शेडच्या दारात आली. आण्णांनी पान झटक्यात मिटलं आणि मोठ्यानं म्हणाले, की पानं झिजल्यात सगळी, जुना झाला गेज.

आई चहाचा कप जीपच्या मडगार्डवर ठेवत म्हणाली, "झिजत्यात कशानं? ह्यो कुंकू पुसायचं इसारला आसंल. तुमी पुसता की दरसाल, चोरून. मला काय दिसत न्हाई व्हय?"

आण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं. तीस वर्षं जपलेलं गुपित तिनं मडगार्डवर चहाशेजारी ठेवून दिलं होतं. मग आण्णा हसायला लागले. हसताना खोकला, खोकताना हसू. जीप मागं एका लयीत बोलत होती.

अकरा वाजता वाईचा हॉटेलवाला आला, सोबत दोरखंड आणि दोन माणसं घेऊन. आण्णांनी त्याला चहा पाजला. जाताना परसातली झेंडूची दहा रोपं उपटून हातात दिली. म्हणाले, फुलंच लावायची तर ही लावा, डब्यात पण येत्यात.

नोव्हेंबरात आम्ही बँकेत गेलो. मी चालवत होतो, आण्णा शेजारी, इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकांची पट्टी, बधिर हात मांडीवर आणि चांगला हात बाहेर काढलेला, मंत्र्यासारखा. लिंबाखालची मंडळी आम्ही वळणावर असतानाच उठून उभी राहिली होती. आत गेलो तर कारकुनानं आण्णांचा फॉर्म आधीच काढून टेबलावर ठेवलेला. मान वर न करता म्हणाला, सही करा, गाडी ऐकली मघाशीच. आण्णांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. परतताना कॅनॉलच्या पुलावर त्यांनी मला गाडी जरा हळू घ्यायला सांगितली. आईला तवा टाकायला सवड मिळावी म्हणून.

त्यानंतर आण्णांनी आणखी दोन नोव्हेंबर बघितले. तिसरा नाही.

जीप राहिली. कंटाळा येत नाही असं म्हणणार नाही, भरपूर येतो. पॅसेंजर अजून उशिरा येते, हँडल अजून जड आहे आणि गुडघेही आता खांद्याच्या बाजूनं बोलायला लागलेत. सुनंदाचा तो टॅपेटचा विनोद अजून चालू आहे, मात्र आता कधीकधी ती माझ्याबरोबर येते आणि बाजेवर बसून दिग्दर्शन करते. आण्णांपेक्षा वाईट करते. हयातीचा दाखला आता आईचा असतो. आण्णांच्या मागं तिला पेन्शन मिळते, म्हणून तिलाही दर नोव्हेंबरात जाऊन सांगावं लागतं, की मी आहे. मोबाईलचं तिलाही विचारून झालं. तिनं तोच चेहरा केला. टोपी वाकडी.

दर खंडेनवमीला ती दहाच्या पानावर तेलातलं कुंकू लावते. कामाचं पान कंचं, हे ती अजून विचारते, आणि बाजेवरून उत्तर येत नाही म्हणून मी देतो. दसऱ्याला सोनं वाटून झालं की मी शेडमध्ये जातो. त्या वेळी तिला हमखास परसात काहीतरी काम निघतं. ती पाठ करून उभी राहते, मी पुसून घेतो, आणि आम्ही दोघंही काही घडलं नाही असं वागतो. या नाटकात ती माझ्यापेक्षा सरस आहे.

यंदा मात्र ती परसात गेली नाही. फडकं डिझेलमध्ये बुडवून मी तिच्याकडं बघितलं, तर ती तिथंच उभी. म्हणाली, राहू दे, पुसू नगं यंदा.

मी म्हटलं, अगं, फट चौदाची होईल, लय बोलेल गाडी. आण्णांना अजिबात खपलं नसतं.

"बोलू दे की. पुलावर आली तरी आताशा मला ऐकाय येत न्हाई रं. तवा टाकाय उशीर हुतोय."

मी फडकं बॉनेटवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पान कपाळाला लावलं आणि कुंकवासकट फटीत सरकवलं.

खांदा दुखतोच आहे. पण गेल्या रविवारी सुनंदा आणि मी जीप घेऊन शेतावर गेलो होतो आणि दुपारी परत आलो. कॅनॉलच्या पुलावर जीपनं असा काही ताशा लावला की बगळे उडाले. दारात उतरलो तेव्हा आई चुलीपुढं बसली होती आणि पहिली भाकरी फुगलेली होती.